अन्नपूर्णा

बत्तीस वर्षं ओझरला स्टोअर्समध्ये काढली मी,
त्यामुळे वैमानिकाच्या शब्दावर माझा विश्वास नाही.
अनादर नव्हे हा. वर घाई असते.
धूर दिसला की माणूस "पडलं" म्हणतो,
आणि एकाच धुराकडे तिघं तीन बाजूंनी बघत असतात.
टायरला घाई नसते.
टायर व्हाउचरवर निघतो, सही देऊन जातो,
आणि ऑडिटवाला त्याचं गोत्रसुद्धा विचारतो.

म्हणून एकाहत्तरच्या डिसेंबरात
पूर्वेकडच्या त्या एका तळावर
शत्रूची नक्की किती विमानं होती,
हे मोजायला मी शौर्यपत्रं घेऊन बसले नाही.
बसले होते आधी, खोटं कशाला बोलू.
आपल्या कागदांत पाडलेली जास्त,
त्यांच्या कागदांत असलेलीच कमी.
वजाबाकी केली की उत्तर ऋण येई.
शून्याच्याही खाली उडणारी विमानं!

मग लॅम रोडच्या तोलाराम रद्दीवाल्याकडे
तोफखान्यातल्या एका सुभेदाराची पेटी आली.
लोकरी मोजे, पदकाची रिकामी डबी,
आणि त्या तळाचं टायर-बॅटरीचं रजिस्टर,
आठवण म्हणून उचललेलं.
तोलारामनं किलोच्या भावानं दिलं.
सव्वा किलो भरलं शत्रूचं बळ.

अक्षर माझ्यासारखंच, उजवीकडे कललेलं.
पण समासात उर्दू. ती घेऊन गेले चौक मंडईत,
रुकय्या मोमीन टीचरांकडे.
चष्मा पुसत त्यांनी वाचलं: "दूध दोन शेर. दूध दोन शेर.
दूध एक." मग थांबल्या, हसल्या.
एका शेपटीच्या नंबरापुढे त्यानं लिहिलं होतं:
"सब ले गए, अब नंबर भी ले जाओ."

मला तिथेच कळलं.
त्या नंबरावर जमा काहीच नाही, नुसतीच नावे:
चाक गेलं, पंप गेला, काच गेली, खुर्ची गेली.
आमच्याकडेही हँगरच्या मागे एक असायचं,
भाग काढून काढून सांगाडा झालेलं.
आम्ही त्याला अन्नपूर्णा म्हणायचो.
स्वतः उपाशी, बाकीच्यांची ताटं भरलेली.

आणि आपल्या कागदांत
हीच अन्नपूर्णा तिघांनी तीनदा मारलेली.

तिघांतले एक देवळालीत राहतात,
विंग कमांडर चिनॉय. भिंतीवर तिचाच फोटो,
कॅमेऱ्यातला, धुरकट, खाली तारीख.
कॉफी संपेपर्यंत मी टायरबद्दलच बोलले.
मग म्हटलं, सर, ते उडत नव्हतं.
कधीच उडणार नव्हतं.
ते बराच वेळ बशीतला बिस्किटाचा चुरा
बोटानं गोळा करत राहिले.
म्हणाले, "बाई, खालून येत होत्या
त्या गोळ्या उडत होत्या."

यावर माझ्याकडे व्हाउचर नव्हतं.

परतताना निफाडच्या बाजूला द्राक्षबागांत
थंडीसाठी शेकोट्या पेटवलेल्या.
काळोखात ओळीनं ठिपके.
वरून कुणी पाहिलं तर काय मोजेल?

रात्री वही काढली. त्या नंबरावर काट मारली.
एकूण एकानं कमी झालं.
शेऱ्याच्या रकान्यात चिनॉयसाहेबांचं वाक्य लिहिलं,
मावलं नाही, समासात गेलं,
जिथे तो दुधाचा हिशेब लिहायचा.
त्याचे टायर चार तारखेला संपतात.
दूध सहापर्यंत आहे. रोज एक शेर. बाकी.

तोलारामला पुन्हा जाऊन विचारलं,
पेटीत आणखी काही होतं का रे?
म्हणाला, होती ना, एक मोठी पितळी किल्ली.
कोठीची असावी.
मोडीत गेली.